रस्त्याने नऊ तास

प्रिय धाकटे,

कागदावर लाल डाग दिसले तर घाबरू नकोस. माझा ओठ फुटलाय आणि एक दात हलतोय, बाकी मी ठणठणीत आहे. तुझ्या नवऱ्याचा हात कसा पडतो ते आज मलाही कळलं. रोज कसं गं सोसलंस?

गेल्या खेपेला तू मोडलेलं मनगट ओढणीत बांधून पळालीस. विमानतळावर त्याच्या ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने बस धरलीस आणि घाटातून नऊ तास हाडं खिळखिळी करून घेत आलीस. तो मात्र दाढीबिढी करून चाळीस मिनिटांत उडत आला. तू माहेरच्या दारात पाऊल टाकलंस तेव्हा आईच्या खुर्चीत चहा पीत बसला होता. केसांना धरून तुला फरफटत नेलं त्याने. मध्ये पडलेल्या आईचं डोकं भिंतीवर आपटलं. पोलीस म्हणाले, घरचं भांडण घरात मिटवा. तेव्हापासून विमानतळावरच्या माझ्या या तिकीट काउंटरवर बसून मी मनात एकच घोकतेय: पुढच्या वेळी विमान आपलं आणि रस्ता त्याचा.

तुझा फोन त्याच्या खिशात, तू कुलपाआड. म्हणून काल मी त्यालाच फोन केला. “आई घर तुझ्या नावावर करतेय, सहीला ये,” असं त्याला सांगितलं. हावरटाच्या तोंडाला पाणी सुटलं, सकाळच्या विमानाने हजर. आईने काय नाटक केलं म्हणतेस. दुपार उलटेपर्यंत चष्मा शोधत होती, आणि चष्मा डोक्यावर. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो इकडे विमानतळावर धावत सुटला. तो दारातून आत शिरतोय हे पाहिलं आणि मी काउंटर बंद केलं. आजच्या शेवटच्या विमानाची वेळ झाली होतीच, नियम म्हणजे नियम.

त्याने काउंटरवरून हात घालून माझं तोंड फोडलं. मी स्टेपलर उचलून त्याच्या बोटांवर हाणला, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज आला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. पहारेकऱ्याने त्याला ढकलत बाहेर काढलं. हे सगळं कॅमेऱ्यात आहे, आता घरचं भांडण म्हणायची कुणाची टाप नाही. त्याने शिव्या देत टॅक्सी केली आणि घाटाच्या दिशेने निघाला.

विमान सुटायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात हे लिहितेय. आमची हवाई सुंदरी, चिमणी, हे पत्र तुझ्याकडच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या दादाला देईल. तुझं घर धावपट्टीच्या भिंतीला लागून, त्याला पाच मिनिटं पुरेत. तेच विमान तुला घेऊन परत येईल आणि तो घाटात असताना त्याच्या डोक्यावरून जाईल. तिकीट मी काढलंय. भीती एकाच गोष्टीची आहे. दार वाजलं की तू कपाटात लपतेस आणि हाकेला ओ देत नाहीस. म्हणून दादा आधी हे पत्र दाराखालून सरकवेल आणि मगच हातोडी उचलेल. आवाज ऐकून लपू नकोस, तो अजून घाटात आहे. हे घाव कुलपावर पडतायत. चपला घाल आणि दाराशी उभी राहा.

तुझीच, सुजलेल्या तोंडाची,
ताई