पहिला पाट कुणाचा

साडूभाऊ सयाजीराव, मुक्काम जेऊर, यांस जुळे सोलापुराहून जोतीरामचा मनापासून नमस्कार. अक्कांचा गुडघा कसा आहे? तुमची साखर ताब्यात आहे ना? (नसणारच. मागल्या लग्नात जिलबीवर मारलेला हात मी पाहिला आहे.) इकडे आम्ही सुखरूप आहोत आणि अभिमानानं माझी छाती इतकी फुगली आहे की जुन्या सदऱ्याची बटणं लागत नाहीत. कारण आपली ऋतुजा. ती विमान चालवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (मी हे ज्याला सांगितलं नाही असा माणूस सोलापुरात उरलेला नाही. भाजीवालीसुद्धा मला पायलटचे वडील म्हणते, आणि कोथिंबीर तरीही फुकट देत नाही.) आता ती कॅप्टन होण्याच्या उंबरठ्यावर आली आणि नेमकी तिची कंपनीच विकली गेली.

झालं असं, की तिची नवी छोटी कंपनी एका जुन्या मोठ्या कंपनीनं घेतली. आता दोन्हीकडच्या पायलटांची मिळून एकच ज्येष्ठता यादी व्हायची. या धंद्यात यादीतली जागा म्हणजे सर्वस्व. कॅप्टन आधी कोण, मोठं विमान कुणाला, दिवाळीची रजा कुणाला, सगळं तिच्यावर. ऋतुजा नोकरीला उशिरा लागली, पण कंपनी नवी म्हणून झपाट्यानं वर सरकली आणि सहवैमानिकांत पहिली झाली. मोठ्या कंपनीत मात्र तिच्या कितीतरी आधी लागलेले शेकडो जण अजून सहवैमानिकच आहेत. त्यांची युनियन म्हणते, लागल्याच्या तारखेनं यादी करा. ऋतुजाची युनियन म्हणते, ज्याची आपापल्या घरी जी जागा होती त्या मानानं करा. तारीख धरली तर पोरगी पार शेपटाला जाते आणि केस पिकल्यावर कॅप्टन होते.

हे मला कुणी आधी नीट सांगितलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता. ऋतुजा रजेवर घरी आली होती आणि दोन्ही युनियनची बैठक लॅपटॉपवर चालली होती. मी चहा घेऊन गेलो. बाबा चिंचोळी एमआयडीसीत युनियनचे सेक्रेटरी होते, असं तिनं कौतुकानं सांगितलं, आणि कुणीतरी म्हणालं, काका, दोन शब्द बोला. (युनियनवाल्याला दोन शब्द बोला म्हणू नये.) ज्येष्ठता हा शब्द ऐकला आणि मला एकदम आपल्या सासुरवाडीचा, वेळापूरचा पाट आठवला. अक्कांचं डी.एड. चाललं होतं म्हणून धाकटीचं, म्हणजे आमच्या हिचं, माझ्याशी लग्न आधी झालं. जावई म्हणून मी आधीचा. पण तुमच्या दिवाळसणाला मी नेहमीच्या पहिल्या पाटावर बसलो, तर सासूबाई, बजाबाई, भर पंगतीत म्हणाल्या, "उटा की जावईबापू. थोरल्या लेकीचा दादला त्यो थोरला जावई. आधी आलं म्हून काय झालं?" तेव्हापासून पहिला टिळा तुम्हाला, पहिली पोळी तुम्हाला, आहेरातला चांगला टॉवेलही तुम्हालाच.

इतक्या वर्षांचा हा राग त्या लॅपटॉपवर निघाला. जो आधी आला तो आधी, मागून आलेल्यानं पहिल्या पाटावर बसायचं ही कुठली रीत, असं गरजून मी टेबलावर मूठ आपटली. चहा बशीत. पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट. मी नुसता फुलून गेलो. मग लक्षात आलं, टाळ्या समोरच्या युनियनच्या होत्या. आपली माणसं कपाळाला हात लावून बसली होती. ऋतुजानं माइक बंद केला. "बाबा, तुमी नक्की कुणाकडनं हाय? मागनं येऊन पाटावर बसलेली मीच की!"

आता समोरच्यांच्या अर्जात माझं वाक्य आलंय, सोलापूरचे ज्येष्ठ कामगार नेते म्हणून. (ज्येष्ठ म्हटलं, एवढं मात्र बरं वाटलं.) पण पोरगी रागावली नाही हो. समोरच्या पुढाऱ्याला तिनं स्वतः फोन केला, वडिलांचं भांडण पाटाचं आहे, विमानाचं नाही, असं हसत सांगितलं आणि आपली बाजू ठणकावून मांडली. धुक्यात भरलं विमान अलगद उतरवणारी लेक माझी. आम्हाला साधी सायकल धड उतारावर आवरत नव्हती. तिच्याकडे बघून माझा ऊर भरून येतो, सयाजीराव. लहानथोरांस यथायोग्य.

तुमचा, तारखेनं थोरला,
जोतीराम

ता. क. : खरं काम राहिलंच. पुढच्या आठवड्यात या यादीवर लवादापुढं सुनावणी आहे. माझे शब्द मागं घेऊन मी उलट बाजू लिहून द्यायची आहे, आणि पेन काही हलत नाही. मागून येऊन पहिल्या पाटावर बसलेला आणि तरी सुखानं जेवलेला माणूस आपल्या नात्यात तुम्हीच. त्या दिवशी पाटावर बसताना पंगतीत काय कारण सांगितलंत ते उलट टपाली कळवा.

ता. क. २ : पत्र वाचून आमची ही म्हणते, "दाजींनी काय बी सांगितलं न्हाय. अक्काचा मान म्हून गुमान बसले." म्हणजे मान आपापल्या घरातल्या जागेचा, तारखेचा नाही! ऋतुजाची युनियन तेच तर म्हणते. सापडलं कारण, आता मीच लिहितो. येत्या दिवाळीला पहिला पाट तुमचा, टिळा मी लावतो. पण ऋतुजा कॅप्टन होऊन आपल्याला विमानातून नेईल तेव्हा खिडकीशी मी बसणार. तुम्ही थोरले असाल, कॅप्टनचा बाप मी आहे.