बाजाराचा वार

गुरुजी, कॅनडाच्या लोकांनी तुमच्यावर एक अभ्यासक्रम काढलाय. घाबरू नका, तुमचं नाव नाही त्यात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आश्रमशाळेच्या व्हरांड्यातला तुमचा हार घातलेला फोटोसुद्धा म्हणे वाळवीने खाल्ला. पण मी इथे मस्कतला, अल् घुब्राच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एसी लावून ते धडे वाचते आणि पानोपानी तुम्हीच भेटता. तिकडे बाहेरून आलेल्यांनी तिथल्या मूळच्या लोकांची मुलं घरातून उचलून शाळांत नेली, केस कापले, नावं बदलली, त्यांची बोली तोंडातून काढली, आणि हे सगळं त्यांच्याच भल्यासाठी केलं. आता तिथे नर्सची नोकरी हवी असेल तर आमच्यासारख्या बायकांनी आधी हे शिकायचं आणि मग विमानात बसायचं. मूळ रहिवाशांची संस्कृती, आरोग्य आणि समेट, असा विषय आहे. समेट म्हणजे तुम्ही आमची भांडणं सोडवताना मार देणाऱ्याला आणि मार खाणाऱ्याला एकमेकांचा हात धरायला लावायचात, तसलंच काहीतरी. फरक एवढाच की आम्हाला कुणी उचलून नेलं नव्हतं. दोन वेळचं जेवण मिळतं म्हणून आईनेच आणून सोडलं होतं. ही एक गोष्ट तुमच्या बाजूची, ती मान्य करून टाकते.

तो पहिला दिवस मला लख्ख आठवतो. आईने माझं बोट अजून सोडलेलं नाही. तुम्ही खुर्चीत पायावर पाय टाकून बसला आहात आणि नाव विचारता. आमच्या ठाकरांत पोर ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव पुष्कळदा त्याला मिळतं, तसं मलाही मिळालेलं. मी ते सांगते. "हे नाव आहे की बाजाराचा वार?" तुम्ही म्हणता, आणि अख्खा वर्ग हसतो. मग तुम्ही मला दुसरं नाव देता, तुमच्या मते शोभेलसं, तुमच्या नात्यातल्या एखाद्या मुलीचं असावं तसं. "आता नीट सांग. उभी राहा सरळ. हात मागे. मान वर. मोठ्याने." मी सांगते. दाराशी उभ्या असलेल्या आईला कळत नाही की ही कुणाचं नाव सांगतेय. ती मरेपर्यंत मला जुन्याच नावाने हाक मारत राहिली. तिच्यानंतर ते नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

आणि ती मेली कशी, ते तुम्ही शाळेला सांगितलंत. "अडाणीपणाने गेली." प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना उभं करून मौन पाळायला लावलंत. वा गुरुजी. मी त्या रांगेत उभी होते आणि मला खरं काय ते ठाऊक होतं. महिनाभर खोकत असलेली माझी आई भगताकडे गेलीच नव्हती. ती सरळ तुमच्याकडे आली, कारण तुम्हीच सांगायचात की आजारात आधी मला विचारा. ती आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तुम्ही आम्हा दोघींना एसटीने आरोग्य केंद्रात नेलंत आणि ती डॉक्टरसमोर बसली असतानाच म्हणालात, "साहेब, ह्या लोकांना कितीही सांगा, अंगारे-धुपारे करून झाले की मग मरायला आपल्याकडे येतात." डॉक्टर हसला. आई तुमच्याकडे बघत राहिली. गोळ्या मिळाल्या, संपल्यावर परत जायचं होतं, ती गेली नाही. मी किती मागे लागले, तर म्हणाली, "नको बाय. तिथं आपल्याला माणसात धरत नाय." पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. कॅनडावाल्यांच्या धड्यात हेच लिहिलंय, नुसतं गुळगुळीत भाषेत: ज्याचा दवाखान्यात अपमान होतो तो माणूस परत येत नाही, आणि त्याच्या न येण्याला दवाखाना त्याचं अज्ञान म्हणतो. मी ते वाचलं आणि लॅपटॉप मिटून भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

तुम्ही दुष्ट नव्हतात. दुष्ट असतात तर सोपं गेलं असतं. तुम्ही स्वतःवर खूश असलेले चांगले गृहस्थ होतात, आणि त्या जातीची माणसं मला आता लांबूनही ओळखू येतात. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा नाडी मोजता यावी म्हणून तुम्ही मला सेकंदकाट्याचं घड्याळ दिलंत, स्वतःच्या पैशाने. पण ते गुपचूप दिलं असतंत तर तुम्ही कसले? पाहुणे बोलावलेत, मला टेबलावर उभं केलंत आणि "हे रानातून आणलेलं फूल" असं म्हणून भाषण केलंत. ते घड्याळ बंद पडलं तेव्हा मी दुरुस्त केलं नाही. इथे मस्कतला, दार्सैतच्या कचरापेटीत टाकलं आणि वर्षानुवर्षं दुखणारी दाढ निघाल्यासारखं वाटलं.

मस्कतमध्ये मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. कर्जतची, एवढंच सांगायचे. पुढचं लोक आपापल्या मनाने भरतात आणि भरलेलं चुकीचं असलं की आपल्याला घरात घेतात. हॉस्पिटलात मात्र एकदा डोंगरातल्या गावातून आलेली एक ओमानी म्हातारी माझा हात धरून बसली. तिच्या सुनेला बाळ व्हायचं होतं आणि म्हातारीला माझी पूर्ण चौकशी झाल्याशिवाय मला हात लावू द्यायचा नव्हता. कुठली? मी म्हटलं, हिंद. "हिंद तो बहोत बडा," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "तुम कौन लोग?" तिचं स्वतःचं सगळं सांगून झालं होतं, टोळी, बापाचं गाव, आईचं गाव, शेळ्या. तिने ज्या सहजपणे विचारलं तसं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. विचारणारे भेटले ते सगळे मोजमाप घेण्यासाठी विचारणारे. मी "महाराष्ट्र" म्हटलं. तिने तोंड वाकडं केलं. तिला ते उत्तर वाटलंच नाही.

अभ्यासाला आम्ही तिघी एकत्र बसायचो. एक डोंबिवलीची, एक सांगलीची आणि मी. तिघींनी कॅनडात एकच घर भाड्याने घ्यायचं ठरलेलं. दोघी जिवाला जीव देणाऱ्या. माझ्या ऑपरेशनच्या वेळी डोंबिवलीची पंधरवडाभर डबा देत होती. तिकडच्या मुलांचे केस कापल्याचा धडा आला तेव्हा ती ढसाढसा रडली. "किती क्रूर ना गं! हाऊ कॅन दे डू दॅट?" नाक पुसून झाल्यावर तिला बदलापूरच्या सासरची कामवाली आठवली. "पण आपल्याकडच्या आदिवासी बायकांचं वेगळं हं. त्यांना कितीही सांग, दवाखान्यात येतच नाहीत. दारू आणि भगत." सांगलीची म्हणाली, "अगदी." आणि दोघींनी चहा घेतला. डोंबिवलीवालीच्या अंगावर वारली चित्रांचा कुर्ता होता, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत घेतलेला. गुरुजी, मला राग आला नाही. मला हसू आलं, तुमच्या प्रार्थनेच्या रांगेत यायचं तसं, दाताखाली चावून धरलेलं. अभ्यासक्रमाची परीक्षा दोघी पहिल्याच झटक्यात पास झाल्या.

शेवटी व्हिडिओवरून एक समोरासमोरचा तास होता. शुक्रवारी संध्याकाळी डोंबिवलीवालीच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये एकच लॅपटॉप ठेवून आम्ही तिघी ओळीने सोफ्यावर बसलो. पडद्यावर त्यांच्या मूळच्या लोकांतली एक आजी होती, पांढऱ्या वेणीची. तिने कुठलाही धडा घेतला नाही. म्हणाली, आमच्याकडे बोलण्याआधी आपण कोण ते सांगतात: नाव, आईची माणसं, त्यांची जमीन. तुम्ही सांगा, घाई नाही. डोंबिवलीची आधी बोलली. "मॅम, वी आर फ्रॉम इंडिया. आमच्याकडे असं काही नाही, वी आर ऑल सेम ओन्ली." सांगलीची म्हणाली, "सेम, मॅम." मग माझा नंबर. माझ्या एका बाजूला माझा डबा, दुसऱ्या बाजूला माझं कॅनडातलं घर. पुढच्या वेळी "त्या बायका" हा विषय निघेल तेव्हा मी स्वयंपाकघरात जायची वाट बघितली जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. सांगायला कर्जत तयारच होतं.

मी आईने ठेवलेलं नाव सांगितलं. आम्ही ठाकर आहोत हे सांगितलं, आईचं माहेर सांगितलं, वाडीच्या वरचा डोंगर सांगितला, आणि आई दवाखान्यात परत का गेली नाही तेही सांगितलं. त्या आजीने माझं नाव हळूच पुन्हा म्हणून पाहिलं. उच्चार पार वेडावाकडा होता, पण वार तोच. त्या आठवड्यापासून तिघींच्या घराचं काय ते कुणी बोललेलं नाही, आणि मी विचारलेलं नाही.

तुमच्याशी समेट बिमेट काही नाही, गुरुजी. त्याला समोर माणूस लागतो आणि तुम्ही त्यातूनही निसटलात. हे पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, असता तरी तुम्ही लाल शाईने शुद्धलेखन तपासून परत पाठवलं असतंत. तेव्हा एक गोष्ट तुम्हाला कधीच कळणार नाही या भरवशावर सांगते. मी नाव सांगत होते तेव्हा डोंबिवलीची माझी ओढणी ओढत होती. मला वाटलं, ती मला गप्प करतेय, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलले. "अगं, बस ना खाली," ती कुजबुजली, "कॅमेऱ्यात नुसतं पोट दिसतंय तुझं." तेव्हा कुठे मला कळलं की मी उभी आहे. सरळ, मान वर, आणि हात मागे.