न गळणारी टाकी

४ मे, रविवार. सकाळी सात.
आजपासून या घरात गळती नाही. संकल्प सोडला. पळीपात्र सापडले नाही, दात घासायच्या मगाने सोडला.

पुढे मलाच विसर पडू नये म्हणून पार्श्वभूमी. सासूबाई भिवापूरहून आल्या आहेत. खुब्याचे ऑपरेशन झाले, वॉकर मिळाला, खाली बसायला डॉक्टरांची कायमची मनाई. तिकडे ओमप्रकाशच्या, म्हणजे मेहुण्याच्या घरी फक्त देशी बैठक. आमच्या प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये दोन्ही. कमोड आजवर पाहुण्यांसाठी राखीव होता, कारण मी आणि शामला दोघेही देशी. शामला म्हणाली, "आईले आता वापस पाठवायचंच नाही. शेवटपर्यंत इथंच ठेवू." मी लगेच हो म्हणालो. मन मोठे असावे.

अडचण एकच. कमोडची टाकी गळते. तळाचे रबरी झाकण झिजले आहे, पाणी दिवसरात्र झिरपते. शामलाने नत्थू प्लंबरला परस्पर बोलावले. तो आत डोकावून म्हणाला, "साहेब, नवी टाकी बसवून देतो. अर्ध्या घंट्याचं काम हाय." त्याला चहा पाजून परत पाठवला. नवी टाकीही गळणारच, कारण भोक तळाला. तळाला भोक पाडायचे आणि मग त्याच्यावर झाकण धरून बसायचे, याला रचना म्हणत नाहीत. पंचवीस वर्षे वार्ताहर आहे, या शहराच्या पाण्याच्या निम्म्या बातम्या माझ्या आहेत. एम.ए. संस्कृतला विद्यापीठात दुसरा आलो होतो. (पहिला आलेला आता विमा विकतो.) एक टाकी जमणार नाही?

५ मे. रात्री जेवणापूर्वी.
उत्तर: सायफन.

उलट्या U सारखी नळी टाकीत उभी करायची. एक पाय पाण्यात, दुसरा खाली कमोडकडे. वरचे वाकण पाण्याच्या पातळीपेक्षा उंच. त्यामुळे पाणी आपणहून जाऊच शकत नाही, गळती शून्य. पाण्यातल्या पायात एक तबकडी. साखळी ओढली की तबकडी वर येते, तिच्यावरचे पाणी वाकण ओलांडते, आणि एकदा ओलांडले की उरलेले सगळे मेंढरांसारखे मागोमाग. गंगेला वाट दाखवणारा एकच माणूस पुरतो. नाव ठरले: भगीरथ.

शामलाने विचारले, किती दिवस लागतील. दोन, म्हणालो. ती म्हणाली, "आईचं पोट दोन दिवस थांबत नसते."
तोवर बादली आहे.

७ मे.
धरमपेठेतून पीव्हीसी नळी, दोन एल्बो, जाड तार आणली. दुकानदाराने विचारले, "कूलरसाठी का?" शोधक एकटाच असतो. तबकडीसाठी पेढ्यांच्या स्टीलच्या डब्याचे झाकण कापले. शामलाला ते झाकण नको होते. (असे नंतर मी ठरवले.)

९ मे. दुपारी.
भगीरथ आवृत्ती एक. बसवला. ओढला. एक तांब्याभर पाणी गेले आणि थांबले. मीमांसा: तबकडी अखंड असल्याने मागच्या पाण्याला तिच्यातून वाट नाही. उपाय सोपा, भोके पाडायची.

सासूबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "जवाईबापू, याले चामडं नाई का? आमच्या हापशीले असते. चाळीस वर्सं हापसली मी. चामडं झिजलं का मंग दांडा कितीही हाना, पानी काई वर चढत नाई."

किती गोड. तबकडीला चामडे! ग्रामीण उपमेत एक ताजेपणा असतो. लेखात वापरता येईल म्हणून टिपून ठेवले.

१० मे.
आवृत्ती दोन. तबकडीला बारा भोके. आता ओढले की पाणी भोकांतून खाली सटकते, वर फारसे चढत नाही. पण पुरेशा वेगाने हिसका दिला की चढते! मी सतराव्या हिसक्याला यशस्वी. पाण्याचा तो आवाज... डोळे भरून आले. थोडे पाणीही उडाले होते.

निष्कर्ष: यंत्र तयार आहे. आता फक्त वापरकर्त्याचे प्रशिक्षण.

११ मे, रविवार.
सासूबाईंना प्रशिक्षण दिले. त्यांनी तिसऱ्या हिसक्याला वॉकर सोडला. शामलाने त्यांना धरले आणि माझ्याकडे असे पाहिले, जसे लोक तिकीट न देणाऱ्या कंडक्टरकडे पाहतात. ओढण्याचे तंत्र म्हाताऱ्या माणसाला नुसते सांगून कळत नाही, हे मान्य. म्हणून श्लोक रचला. अनुष्टुभ्, निर्दोष.

आकृष्य शृङ्खलां मन्दं तिष्ठ यावज्जलं पतेत् ।
पुनराकर्षणं व्यर्थं धैर्यं सर्वत्र साधनम् ॥

साखळी हळू ओढ, पाणी पडेपर्यंत थांब, पुन्हा ओढणे फुकट, धीर हेच सगळीकडे साधन. लॅमिनेट करून टाकीच्या वर लावला. प्रत्यक्षात हळू ओढून पाणी पडत नाही, जोरात ओढावे लागते. पण "प्रचण्डं" वृत्तात बसेना.

सासूबाई म्हणाल्या, "देवाचं हाय का?" मग आत जाताना त्या श्लोकाला हात जोडू लागल्या. वॉकर सुटतो म्हणून शामलाने ते बंद करवले.

१२ मे.
नोंदींशिवाय विज्ञान नाही. कमोडशेजारी खिळ्याला नोंदवही टांगली, सुतळीला पेन. रकाने: दिनांक, वेळ, हिसक्यांची संख्या, निकाल, सही. सही सासूबाईंचीच हवी, वापरकर्ता त्या आहेत. त्या साक्षरता वर्गात सही शिकलेल्या. "कौसल्याबाई" पूर्ण लिहितात, काना-मात्रा जागच्या जागी, त्याला दोन मिनिटे लागतात. बसूनच लिहायचे असल्याने खुब्यावर ताण नाही. सगळ्याचा विचार केला आहे.

१३ मे.
पहिल्या दिवसाची आकडेवारी. वापर सात. हिसके एकूण त्रेपन्न. निकालाच्या रकान्यात सातही ठिकाणी शामलाच्या अक्षरात "बादली". ती मुद्दाम ठळक लिहिते.

शामलाचे म्हणणे, नत्थूला बोलवा. तिला समजावले की नव्वद टक्के काम झाले आहे. ती म्हणाली, "नव्वद टक्के फ्लश म्हणजे काय असते तुम्हाले माहीत नाही. तुम्ही तिकडे जातच नाही." मुद्दा व्यक्तिगत होता, सोडून दिला.

१५ मे. तापमान ४५.
दिवसभर उन्हाळ्याची बातमी. शीर्षक माझे: "तहान लागण्याची वाट पाहू नका!" चौकटीत: ज्येष्ठांनी दर तासाला पाणी प्यावे. संपादक म्हणाले, जिव्हाळ्याने लिहिता.

घरी नोंदवही पाहिली. वापर पाच. बादल्या पाच. पण सातवरून पाच! यंत्र माणसाला शिस्त लावते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

१७ मे.
वापर चार. साखळी मजबूत केली.

सासूबाईंनी आज संध्याकाळचा चहा नको म्हटले. वयाने भूक कमी होते. शामलाने ताकाचा ग्लास आणला, तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच प्या जवाईबापू, उनातून आले." या वयातही जावयाचे कौतुक. मी प्यालो.

१९ मे.
वापर दोन. दोनच! एक पहाटे, एक रात्री. दोन्हीकडे सही स्पष्ट, फक्त शेवटची "ई" थरथरलेली.

हिशेब केला: पाण्याची बचत एकाहत्तर टक्के. कोणत्याही टाकीने एका आठवड्यात हे साधले असेल असे वाटत नाही. लेख लिहायला बसलो.

२१ मे.
शामला दुपारी ऑफिसात फोन करून म्हणाली, आई पाणीच पीत नाही, तोंड सुकून राहिलं. मी सांगितले, कूलरमध्ये वाळा टाक. डेडलाइन होती.

२३ मे.
पुरवणीत लेख आला! "घरगुती सायफन: प्रताप नगरातील एक मूक क्रांती." प्रास्ताविकात हापशीच्या चामड्याचा किस्साही घातला, वाचकाला जरा हसायला. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. "एका वयोवृद्ध लाभार्थी महिलेने आपल्या सवयी स्वेच्छेने बदलल्या" या वाक्याशी त्या म्हणाल्या, "मंजे मीच का हे?" मी होकार दिला. त्यांनी डोळे मिटले. समाधानाचे असावे.

शामला स्वयंपाकघरातून म्हणाली, चामड्याचं हसून लिहिलं, पण लावून पाहिलं का? मी म्हणालो, लेख छापून आल्यावर रचना बदलत नसतात.

२४ मे.
पहाटे सासूबाई कमोडवरून उठताना कोसळल्या. खुबा शाबूत. हातात पेन होते.

दवाखाना. सलाइन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मला बाहेर बोलावून विचारले, "आजींच्या अंगात पाणीच नाही. लघवीत इन्फेक्शन आहे. एवढ्या उन्हात पाणी का पीत नव्हत्या?" मी म्हणालो, ज्येष्ठांनी दर तासाला प्यावे असे मी स्वतः छापले आहे. मग त्यांनी आत जाऊन सासूबाईंना विचारले. मला पडद्याबाहेर ऐकू आले.

"पेलं का मंग जा लागते, बाई. गेलं का हिसके द्या लागते. ते काई जमत नाई मले. मंग लेक बादली आनते, तिची कंबर आदीच दुखते. अन् मंग सही. जवाईबापू संध्याकायी वही पाह्यतात, बिचारे किती मन लावून करून राहिले. त्याईले वाईट वाटलं असतं ना. म्हून म्या प्यायचंच कमी केलं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे नमूद करतो.

दवाखान्याचा फ्लश वापरून पाहिला. बटण. दाबले, गेले. तळाला भोक असलेली सामान्य रचना. थोडी गळतही होती.

२५ मे.
रात्रभर विचार केला. "किती मन लावून" असे त्या म्हणाल्या. म्हणजे प्रयोगाचे गांभीर्य त्यांना कळले होते. फक्त नोंदवहीत "पाणी किती प्यायले" हा रकाना हवा होता. ती माझी चूक. पुढच्या आवृत्तीत घेईन.

हे शामलाला सांगितले. तिने वही खिळ्यावरून काढली, सुतळीसकट माझ्या हातात दिली आणि दवाखान्यात गेली.

२७ मे.
डिस्चार्ज. ओमप्रकाश गाडी घेऊन थेट दवाखान्यातच आला. त्याने परवाच भिवापूरला कमोड बसवून घेतला. गावातल्या मिस्त्रीने दुपारच्या जेवणाआधी काम संपवले म्हणे. मी म्हणालो, आईंना इथेच ठेवायचे आमचे ठरले होते. ओमप्रकाश म्हणाला, "भाऊजी, पेपर वाचला तुमचा. चौकातल्या दुकानात मोठ्यानं वाचून राहिले होते सगळे." कौतुकाचा सूर नव्हता, पण खेड्यात सूर वेगळे असतात.

गाडीत बसताना सासूबाईंनी माझा हात धरला. "होईन तुमची टाकी बरी, जवाईबापू. फकस्त चामडं टाका." शामलाही बसली. पंधरा दिवस, म्हणाली. ओमप्रकाशने तिची बॅग डिकीत ठेवली. बॅग पंधरा दिवसांची नव्हती.

२९ मे.
घर शांत. देशी बैठकीचा नळ बिघडला. कमोड वापरावा लागला. हिसके: एकोणीस. निकाल: बादली. उजवा खांदा भरून आला. यंत्र माझ्या बाबतीतही त्रास देते, हे तांत्रिकदृष्ट्या उद्बोधक आहे.

३० मे.
नत्थूला बोलावले. नळासाठी. त्याने नळ दुरुस्त केला आणि न विचारता टाकीचे झाकण उचलले. बराच वेळ पाहिले. "हे तुम्ही घरी बनवलं? सायफन हाय ना हा? जुन्या बंगल्याइतल्या लोखंडी टाक्याईत हाच राहे, वरून साखई लटके. माह्या बापानं किती दुरुस्त केले." मग तबकडी बाहेर काढून भोकांवर बोट फिरवले. "साहेब, याच्यावरचं चामडं कुठी हाय?"



त्याने ओट्यावरची दुधाची रिकामी पिशवी धुतली, गोल कापली, तबकडीवर मधोमध स्क्रूने आवळली. ओढताना पिशवी भोकांवर बसते, पाणी वर जाते. मागचे पाणी यायला लागले की ती आपणहून उचलली जाते. परत बसवले. "ओढा."

करंगळीने ओढली. सगळी टाकी एका दमात गेली. मागे एक थेंब नाही, गळती नाही. नत्थूने श्लोक वाचायचा प्रयत्न केला आणि विचारले, "हे कोनाची आठवन म्हून लावलं का?"

३१ मे. सायंकाळी.
भिवापूरला फोन. शामलाने उचलला. सांगितले: भगीरथ यशस्वी, अगदी हळू, करंगळीने. श्लोकात म्हटले होते तसेच. चामड्याचे तत्त्व अंतर्भूत केले आहे. वेलक्रोने चिकटवायचा हँडरेल लावतो, नवी वही आणतो, आईंना घेऊन ये, आता सगळे त्यांच्याच सोयीचे आहे.

फोनवर हात ठेवल्यासारखे झाले. आत विचारणे झाले. टीव्हीचा आवाज. मग कुठलेसे पाणी गेल्याचा आवाज, लांबून, व्यवस्थित.

शामला परत आली. म्हणाली, "आई म्हणते, पाहुनी म्हून येईन कधी. राह्यची इथंच. इथं सही करा लागत नाही."