दोन खुर्च्यांमधली लोकर

२ डिसेंबर, सकाळ
संकल्प : घरातली उरलीसुरली लोकर मोजून, गुंडे करून हिच्या हवाली करायची. ही विणणार आहे तो स्वेटर माझ्यासाठी आहे हे हिने अजून सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी न बोलता कळतात. मापही घेतलं नाही. पाठ असणार.

३ डिसेंबर
दोन खुर्च्या अंतरावर ठेवून त्यांच्या पाठींभोवती लोकर गुंडाळतो, फेरे मोजतो. पद्धत शास्त्रीय. मरून लोकर मुलीच्या शाळेच्या स्वेटरची. हातात घेताच सहावीतली नदीची कविता आठवली. मोठ्याने म्हटली. दुसऱ्या कडव्याला अडलो. मधेच ही काहीतरी सांगत होती, मुलीकडची थंडी वगैरे. हो म्हटलं.

५ डिसेंबर
ही म्हणते, अहो, इतकी ताणून मोजू नका, सोडली की आखडते. मी म्हटलं, ढिलं मोजायचं तर मोजायचंच कशाला? पुन्हा मोजली, आणखी घट्ट. भरपूर भरली. फुल बाह्यांचा होणार.

८ डिसेंबर
माळ्यावरची सूटकेस खाली आली. विचारलं तर म्हणाली, ऊन दाखवायचंय. सूटकेसला ऊन. संध्याकाळी मला वॉशिंग मशीन लावायला शिकवलं. कुठलं बटण कधी, ते पाढ्यासारखं दोनदा म्हणवून घेतलं. रिकामपणी हौस आली असेल.

११ डिसेंबर
मुलीचा फोन. ही दार लावून बोलली. माझ्या वाढदिवसाचं सरप्राइज शिजतंय. वाढदिवस जूनमध्ये, पण ही सगळं वेळेआधी करते.

१४ डिसेंबर
स्वेटरचे खांदे अरुंद दिसतात. शेजारचा टेलर म्हणाला, काका, यात तुमचा एक हात जाईल, बाकीच्या काकांचं काय? हिला सांगितलं. हसली नाही. सुया चालूच. असो. लोकर अंगावर पसरते.

१७ डिसेंबर
हिने विचारलं, मी सांगतेय ते ऐकताय ना? ऐकतोय म्हटलं. काय सांगितलं? थंडी, म्हटलं. पुन्हा विणायला लागली. घर एकदम शांत. कवितेला उत्तम वातावरण, तरी दुसरं कडवं येईना.

२० डिसेंबर, सकाळ
स्वेटर झाला. हिने घातला. नेमका बसला. मी म्हटलं, ट्रायल घेतेस वाटतं. तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न. ही म्हणाली, लेकीकडे राहायला जाऊ म्हणून तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणालात, बॅग एकदाही भरली नाहीत. काल तुमचं तिकीट रद्द केलं. मी आता तिकडेच राहणार. गिझर बंद करत जा.

संध्याकाळ
राग रविवारपर्यंत उतरेल. तोवर उरलेल्या लोकरीत माझ्या स्वेटरचा अंदाज घ्यावा, हिला आल्यावर लगेच सुरू करता येईल. मोजायला बसलो. या वेळी ताणली नाही, ही म्हणाली होती तशी सैल धरली. टोक एका खुर्चीला बांधलं आणि चालत गेलो.
दुसऱ्या खुर्चीपर्यंत पोचली नाही.