हिल्डाच्या वाघिणी

३ ऑक्टोबर, शनिवार

घर लहान आहे, पण मला आवडलं. उत्तरेच्या खिडकीखाली टेबल बरोबर मावलं. पिकरिंग गावी येऊन राहायचं हिल्डाने आणि मी ठरवलं होतं. आलो मी एकटा. खोकी उघडली. मालगाडीचे खेळण्याएवढे छोटे डबे, आमच्या वाघिणी, सगळ्या शाबूत आहेत, एकही चाक निखळलेलं नाही. मी जमवायच्या आणि हिल्डाने जुन्या करायच्या, अशी आमची वाटणी होती. दुकानातून चकचकीत आलेली वाघीण तिच्या हाताखालून गेली की जन्मभर कोळसा वाहिल्यासारखी दिसे. वाघिणींचा शेवटचा जथा तिच्याकडून राहून गेला. तो कोराच आहे. तिच्या राखेची बरणी फडताळावर ठेवली. मासे आणि बटाटे आणून खाल्ले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

६ ऑक्टोबर, मंगळवार

चर्चमागच्या सभागृहात इथली छोट्या रेल्वेवाली मंडळी जमतात. माझा कोरा जथा पाहून क्लिफर्ड थॅकरे म्हणाला, "या काय बायकोने धुऊन वाळत घातल्या होत्या का रे पोरा?" मी सदुसष्टचा, तो ऐंशीच्या घरातला. सगळे हसले. बायको वारली, असं मी सांगितलं, तेव्हा त्याने मान खाली घातली आणि माझ्या कपात स्वतःच्या हाताने चहा ओतला. मग वाघिणी जुन्या कशा करायच्या ते बराच वेळ समजावत बसला. दुकानातली पूड तोंडाला लावायच्या पावडरीसारखी दिसते. आपल्या शेकोटीतली राख जुन्या मोज्यातून चाळून घ्यायची, ओल्या रंगावर बसवायची, वरून वॉर्निश. महिनाअखेरीस प्रदर्शन आहे. जथा घेऊन येतो म्हणालो.

८ ऑक्टोबर

ब्रायनीचा लीड्सहून फोन. पंचवीस तारखेला, रविवारी, आईला व्हिटबीच्या समुद्रात सोडू या म्हणाली. हिल्डाने तिला तसं सांगून ठेवलं होतं. मी हो म्हणालो. लेकीला नाही कसं म्हणायचं?

१० ऑक्टोबर

हिल्डाची रीत मला पाठ आहे. आधी कोपऱ्यांना गंज. मग सगळ्यावर काळपट पातळ रंग. तो अर्धा वाळला की अंगठ्याने वरून खाली पुसायचा, कारण पाऊस वरून खाली पडतो. सांध्यांत राहील तो मळ राहू द्यायचा. शेवटी राख.

हे घर गॅसवर तापतं. शेकोटी नाही. घरात राख एकच होती.

एक चमचा घेतली. मोज्यातून चाळली. पहिली वाघीण इतकी सुंदर झाली की मला तिथेच रडू आलं.

१२ ऑक्टोबर

काल दुसरी वाघीण काळा रंग लावून तशीच सोडली होती. आज न्याहारीनंतर पाहतो तर पुसून झालेली. वरून खाली, अंगठ्याने. माझा अंगठा लावून पाहिला. त्या खुणेहून तो बराच रुंद आहे.

घाबरायला हवं होतं. मी तिसरी वाघीण काढून ठेवली.

१३ ऑक्टोबर

तीन वाघिणी सभेला नेल्या. थॅकरेने चष्मा काढून पाहिल्या. पुन्हा चष्मा लावून पाहिल्या. हळूच म्हणाला, "अ‍ॅम्ब्रोस, हे तुझं काम नाही." राख कुठली, असंही त्याने विचारलं. मी घरचीच म्हणालो.

१७ ऑक्टोबर

जथा संपत आला. मी नुसतं मांडून देतो. उरलेलं मी पाठ फिरवली की होतं. दुपारी तिच्याशी बोलत बसतो. बरणी रिकामी झाली. ब्रायनीला काय सांगू?

एक गोष्ट आज आठवली. पूर्ण झालेल्या वाघिणीला हिल्डा पुन्हा हात लावत नसे.

१९ ऑक्टोबर

हिल्डाला द्यायला वाघीण उरली नाही. सकाळी किटलीच्या तोटीला गंज. दाराच्या कडीला. माझ्या चष्म्याच्या काडीला. कोपऱ्यांपासूनच.

२० ऑक्टोबर

दाढी करताना दिसलं. डोळ्यांच्या कोपऱ्यांत तांबूस. साबणाने जात नाही. दुखत नाही.

सभेला गेलो नाही. थॅकरे दारात येऊन गेला. मी खिडकीतूनच हात केला. त्याने टोपी काढली, मयताला काढतात तशी—

२२ ऑक्टोबर

नखांच्या कडा काळ्या. कपाळाच्या आठ्यांत काळं. जेवणानंतर खुर्चीत बसलो होतो. अंगठा. थंडगार. कपाळावरून खाली, सावकाश. मला उठता आलं असतं.

उठलो नाही.

२३ ऑक्टोबर

ब्रायनीसाठी वाघिणींवरची राख खरवडून पाहिली. वॉर्निशखाली घट्ट. मग ती आपोआप निघाली. सगळ्या वाघिणी पुन्हा कोऱ्या. राख टेबलावर नाही. जमिनीवर नाही—

आरशात आहे.

२४

तोंडाचे कोपरे आखडलेत. फोन वाजला, नीट बोलता आलं नाही. हिल्डा, आता पुरे. नको, पुरे नको. अजून थोडं राहू दे. एखादा कोपरा कच्चा ठेव. मी पूर्ण झालो की तू—

२५, रविवार

ब्रायनी आली. हातात फुलं. बरणी उघडून पाहिली. "बाबा, आई कुठे आहे? बाबा, माझ्याकडे बघा. हे काय झालंय तोंडाला?"

बोलता येत नाही. म्हणून लिहून दाखवतोय. ती वाचत नाही. रडते आहे. नळाखाली रुमाल भिजवला. लहानपणी हिल्डा तिचं तोंड पुसायची तशी हनुवटी धरली आहे—

ब्रायनी, पुसू नकोस. मळ नाही तो. तुझी आई सगळीच्या सगळी इथे—