पुसलेली चौथी

३ मार्च
गेली एकदाची सूनबाई! पाठीवर ही मोठी पिशवी, गळ्यात भिंग. कातळावरचे नेचे गोळा करायला पंधरा दिवस. जाताना खिडकीतल्या सहा कुंड्या माझ्या स्वाधीन. "आई, एकवीस दिवस पाणी नाही. थेंबसुद्धा नाही. सुकू देत." सुकून पुन्हा कोण उठतं ते बघायचंय म्हणे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या सहांवर अडलंय.

मला सांगते! भाजी धुतलेलं पाणी मी कधी मोरीत जाऊ दिलं नाही. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी— "पाणी घालू नये." चौथीवर खाली बारीक अक्षरात— "आई, हे तुम्हालाच."

७ मार्च
पानं मुठी आवळल्यासारखी वळली. नेचा म्हणजे विहिरीच्या ओल्या कडेचा, एवढंच मला मॅट्रिकपर्यंत ठाऊक. हे मेले उन्हातान्हात दगडावर कशाला तडमडायला गेले? हिशेबाच्या वहीत रोज एक जादा ओळ— पाणी, शून्य. प्रार्थनेत देवाला सांगितलं, माझे हात बांधलेत, तूच बघ.

चिरंजीव म्हणतात, "माझ्या परीक्षेला इतका जीव टाकला नव्हतास." टाकला होता. उपयोग झाला नाही!

१० मार्च
चौथीच्या पानांखाली पांढरी पावडर! गुलाबावर आला होता तोच पिठ्या ढेकूण, लगेच ओळखला. जुन्या चादरीचं फडकं घेतलं— कोरडं! नियम म्हणजे नियम— आणि तासभर बसून हलक्या हाताने पानन्‌पान पुसलं. तिसरीवरही दिसते. उद्या तिचा नंबर.

११ मार्च
फडकं हातात घेतलं आणि सूनबाईचा फोन. "तिसरी-चौथीची पांढरी पावडर बघितलीत? तीच त्यांची छत्री. पान वळलं की ती बाजू वर येते, ऊन परतवते."

तोंडचं पाणी पळालं. विषय बदलावा म्हणून विचारलं, "जुळ्या बहिणी का गं त्या?"

"छे! चौथीची सख्खी बहीण ती पहिली, केसाळ. तिसरी पार लांबच्या घरची. दोघींनी पिढ्यान्‌पिढ्या तसलंच ऊन सोसलं, म्हणून सारख्या झाल्या. दुकानदार आपल्याला मायलेकी समजतो ना, तसंच!"

इतकं गोड बोलली, आणि मी काय म्हणाले? "हो, छान आहेत हं सगळ्या." खोटं! धडधडीत!

१३ मार्च
टाल्कम पावडरचा डबा घेऊन चौथीसमोर पाच मिनिटं उभी होते. परत ठेवला. देव बघतो. शिवाय डबा संपत आलाय.

१७ मार्च
आली. बूटही काढू दिले नाहीत, दारातच सांगून टाकलं— "चौथी मी पुसली."

पिशवी खाली ठेवली. "सगळी?"

"पानन्‌पान."

"ओलं फडकं?"

"कोरडं. तेवढी अक्कल आहे मला."

कुंडीशेजारी जमिनीवरच बसली. दोन वर्षं वाढवलेली चौथी! नीट जेवलीही नाही. रागाने चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२४ मार्च
पाणी! तिने झारी माझ्याच हातात दिली. संध्याकाळपर्यंत पाच जणी उठल्या— हिरव्यागार, जसं काही झालंच नाही. तिसरी सगळ्यांत आधी. चौथी पडून. देवा, एक दिवस उशिरा का होईना!

२६ मार्च
नाही उठली. हात लावला तर पानाचा चुरा झाला. सूनबाई सकाळीच चौथीला कुशीत घेऊन तिच्या मार्गदर्शक बाईंकडे गेली. प्रार्थनेत दोनदा चुकले.

२७ मार्च
कातळावरून आणलेल्या रोपांतली दहा आज टेबलावर मांडली— दहाही चौथीच्याच जातीची. "पावडरीमुळेच ती तगतात, असं बाईंना दाखवायचंय. पण एका कुंडीवर कोण विश्वास ठेवणार, आई?" त्यातली पाच माझ्याकडे सरकवली. वर माझंच फडकं.

"पुसा. हात तोच हवा."