डब्यातला भात

आई, आज वॉर्डात कासार आंबोलीचा एक माणूस बायकोसाठी आणलेला डबा तसाच परत घेऊन निघाला होता. बाईची पाठ आणि दोन्ही हात भाजलेत. "शुगर वाढलीया म्हनं, मग भात कसा द्यायचा?" असं मलाच विचारत होता. इतकी वर्षं नर्स म्हणून काढली, नातेवाइकांवर मी ओरडत नाही, पण आज ओरडले. मग त्याला बसवून समजावलं, की भाजलेलं शरीर नुसतं पडून असलं तरी रानात राबल्यासारखं अन्न संपवतं, आणि वरून मिळालं नाही तर स्वतःचंच मांस खातं. हे सांगून सांगून मी थकलेय, कारण दरवेळी समोर तू असतेस.

राब भाजताना तुझ्या साडीनं पेट घेतला तेव्हा मी एकोणीस वर्षांची. भाताच्या रोपासाठी तू जन्मभर जमीन भाजत आलेली. त्या दिवशी वारा फिरला. दवाखान्यात बघता बघता तुझ्या पायांच्या काड्या झाल्या. जखमा भराव्यात, अंगावर मांस टिकावं म्हणून डॉक्टरांनी वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. मला बजावलं, "यानं साखर वाढेल. ती आम्ही इन्सुलिननं सांभाळू. तुम्ही दर दोन तासांनी भरवत राहा." साखर वाढलीच. मावशी म्हणाली, "साकर हाय तर भात कशाला?" तू मागत होतीस, "येवढासा दे की गं, लई भूक लागलीया." मी म्हणाले, डॉक्टरांनी बंद केलाय. आबा मुळशीहून घरचा आंबेमोहोर शिजवून घेऊन आले, तेव्हा तूच त्यांना म्हणतेस, "नगं, डाक्टर न्हाई म्हनलेत. पोरीला इचारा." आबा माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. चार दिवसांनी तुला ताप भरला आणि तू गेलीस.

जंतू रक्तात गेले होते, भातानं तू काही वाचली नसतीस, असं इथले डॉक्टर म्हणतात. असेलही. मावशीचं ऐकून घाबरले, असं मी आबांना ते जाईपर्यंत सांगत आले. आज त्या बाईला पहिला घास मी भरवला. गिळायला तिला तुझ्याइतकाच वेळ लागला. हे पत्र पर्समध्येच राहील, कुणाला दाखवणार? डॉक्टरांचं बोलणं मला नीट कळलं होतं, आई. तू घासागणिक कण्हायचीस आणि मी भरवून भरवून कंटाळले होते. मावशी तसं म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं.